युरोपातली क्रूझ : जहाज नव्हे, बंदरं बघून निवडा

गेल्या एप्रिलपासून युरोपातल्या क्रूझ आम्ही चांगल्या वापरून पाहिल्या. आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. सुरुवात पश्चिम भूमध्य समुद्रापासून केली, उन्हाळ्यात उत्तर जर्मनीतल्या कील बंदरातून नॉर्वेला गेलो, आणि मिरजेहून आई-बाबा आले तेव्हा त्यांना घेऊन एड्रियाटिक समुद्र (इटली आणि क्रोएशियामधला) आणि ग्रीस केलं. आता ओळखीतले लोक विचारतात, "कुठल्या कंपनीचं जहाज चांगलं?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. पोहण्याचे तलाव, नाटकगृह, बुफे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच. जहाज कुठे लागतं, किती वाजता लागतं आणि तिथून गाव किती लांब आहे, यावर सहलीचं बरंवाईट ठरतं.

माहितीपत्रकात शहरांची नावं मोठ्या अक्षरांत असतात आणि बंदराचं नाव कंसात, बारीक. "पॅरिस" म्हणून जहाज थांबतं ते ल आव्रला. तिथून पॅरिस 200 किलोमीटर. "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंड, रेल्वेने एका बाजूचे साधारण तीन तास. "लंडन" म्हणजे साउदॅम्प्टन, आणि तिथे ब्रिटनचा व्हिसा वेगळा. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. व्हेनिसची तर आणखी गंमत. 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना शहराच्या मुख्य चौकासमोरून, म्हणजे सान मार्कोसमोरून, जायला बंदी आहे, त्यामुळे "व्हेनिसहून" सुटणारी क्रूझ मारगेरा, राव्हेन्ना किंवा त्रिएस्ते, यांपैकी कुठूनही सुटू शकते. आमची त्रिएस्तेहून होती. त्रिएस्तेचा धक्का अगदी भर चौकात आहे, गाव देखणं आहे, पण आईला व्हेनिस बघायचं होतं. म्हणून दोन दिवस आधी निघून व्हेनिसला लागूनच असलेल्या मेस्त्रेत मुक्काम केला, व्हेनिस पाहून घेतलं आणि मग रेल्वेने त्रिएस्ते गाठलं. तसंही क्रूझच्या दिवशीच विमानाने पोचायचं हा जुगार मी खेळत नाही. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

रोमचं गणित सांगते, कारण तिथे सगळेच फसतात. बंदर चिविटावेक्किया, रोमपासून सुमारे 80 किलोमीटर. सकाळी सातला जहाज लागलं तरी खाली उतरायला आठ वाजतात. धक्क्यावरून बंदराच्या फाटकापर्यंत एक बस, पुढे स्टेशन गाठायचं, आणि लोकल गाडीने तासभर ते सव्वा तास. संध्याकाळी सहाला सगळे परत हवेत असं असेल तर तीनच्या सुमारास रोम सोडलेलं बरं, कारण एखादी गाडी चुकली तरी जीव टांगणीला लागत नाही. म्हणजे हातात उरतात पाच तास. त्यात कलोसियम, व्हॅटिकन, त्रेवी कारंजं सगळं कोंबणारे लोक संध्याकाळी जहाजाच्या लिफ्टमध्ये एकमेकांशी न बोलता उभे असतात. आम्ही टर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता आधीच सान पिएत्रो स्टेशनला उतरलो, चालत सेंट पीटर्सला गेलो, तिथूनच पायी नदीपलीकडे पियात्सा नव्होना आणि पँथेऑन. कलोसियम सोडून दिलं आणि दिवस मजेत गेला. बुधवारी मात्र पोपच्या जाहीर भेटीमुळे सेंट पीटर्सचं वेळापत्रक सकाळभर बदललेलं असतं, आणि व्हॅटिकन संग्रहालय महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं. क्रूझचा वार बघूनच ठरवा. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतातच. तारीख आधी जाहीर होते, आदल्या रात्री बघून ठेवावी.

याउलट काही बंदरं म्हणजे सोनं. माल्टाचं व्हॅलेटा. पहाटे उठून वरच्या डेकवर जा. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाची तटबंदी इतकी जवळ येते की वाळत घातलेले कपडे दिसतात. उतरलं की लिफ्टने वर अप्पर बराक्का बागेत, आणि समोर शहर. नेपल्सला धक्क्यासमोर रस्ता ओलांडला की किल्ला. क्रोएशियातल्या स्प्लिटला रोमन सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा चालत. मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला जाताना सगळ्यात भारी भाग म्हणजे खाडीतून आत जाणं, बंदरात उतरणं नंतरचं. पिरेअसहून अथेन्स मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत येतं, फक्त क्रूझचा धक्का स्टेशनपासून लांब आहे, वयस्कर माणसं असतील तर तेवढी टॅक्सी करा. अक्रोपोलिसचं तिकीट वेळेच्या स्लॉटनुसार मिळतं, ते आधीच काढावं.

सांतोरिनीवर मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण बाबांच्या गुडघ्यांना ते सगळ्यात महाग पडलं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. ते खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटींनी लोकांना फिरा या मुख्य गावाच्या जुन्या बंदरात सोडतात. बोटीत चढताना लाटेचा अंदाज घेऊन पाऊल टाकावं लागतं, खलाशी दंडाला धरतात, पण पाऊल आपल्यालाच टाकायचं असतं. खाली उतरलं की वर गावात जायला तीन मार्ग : केबल कार, गाढव, किंवा जवळपास सहाशे पायऱ्या, ज्यांवर गाढवं आधीच फिरून गेलेली असतात. जाताना फार त्रास नाही. परत येताना केबल कारची रांग गल्लीतून वळसे घेत मागे गेलेली, डोक्यावर ऊन आणि बसायला काही नाही. आम्ही तासाहून जास्त उभे होतो. बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री गुडघ्याला मलम चोळताना म्हणाले, "फोटोत छान आहे ग हे गाव." जहाज कंपनीकडूनच किनाऱ्यावरची सहल विकत घेतलेल्या लोकांना अथिनिओस बंदरात उतरवून बसने वर नेतात, चढणीचा सगळ्यात वाईट भाग वाचतो. एरवी मी जहाजाच्या सहली महाग म्हणून टाळते, पण इथे वयस्कर माणसं बरोबर असतील तर पैसे मोजावे. जुलै 2025 पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर कर लावला आहे, सांतोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी 20 युरो. बुकिंगच्या रकमेत तो धरलाय का, हे विचारून घ्या.

जहाजाच्या सहलीचा दुसरा फायदा म्हणजे ती बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलात तर नाही. आणि उशीर होतो तो बहुधा घड्याळाच्या घोळामुळे. इटली-क्रोएशियापेक्षा ग्रीस एक तास पुढे. जहाजाची वेळ कुठली चालू आहे ते रोजच्या पत्रकात छापलेलं असतं. मोबाइल विमान मोडवर असला तर वेळ आपोआप बदलेलच असं नाही. बाबा मनगटावर जुनं एचएमटी बांधून आले होते आणि ते फक्त जहाजाच्या वेळेवर लावायचे. माझ्या फोनपेक्षा त्यावर भरवसा जास्त होता.

विमान मोडबद्दल आलंच आहे तर : खुल्या समुद्रात फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो. युरोपियन युनियनच्या रोमिंग सवलतीत ते बसत नाही, बिल मात्र बसतं. जहाज सुटलं की विमान मोड, बंदर दिसलं की काढा.

व्हिसा. भारतातून येणाऱ्यांसाठी हा मुद्दा जहाजापेक्षा मोठा. एका क्रूझमध्ये तुम्ही शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडून पुन्हा आत येऊ शकता. आमच्या मार्गात कोटोर होतं, म्हणजे मॉन्टेनेग्रो, म्हणजे शेंगेनबाहेर. पुढचा थांबा ग्रीस, पुन्हा शेंगेन. तुर्कस्तानातलं कुशादासी असलं तरी तेच. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर चढतानाच अडवतात. म्हणून अर्जाला पूर्ण मार्गाचा कागद जोडून मल्टिपल एंट्रीच मागायची. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त दिवस राहणार तिथे. दिवस सारखे असतील तर जिथून पहिल्यांदा आत येणार तिथे. आई-बाबांचा बहुतेक मुक्काम आमच्याकडे होता, त्यामुळे जर्मनी. प्रौढांची फी जून 2024 पासून 90 युरो, आणि विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा चढण्या-उतरण्याच्या दिवशी रांगेसाठी हाताशी वेळ ठेवा. काही जहाजांवर बिगर-युरोपीय प्रवाशांचे पासपोर्ट पहिल्याच दिवशी जमा करून घेतात. घाबरायचं कारण नाही, पण रंगीत प्रत खिशात असू द्या.

त्या विम्याबद्दल अजून एक. व्हिसापुरता घेतलेला सगळ्यात स्वस्त विमा जहाजावरच्या दवाखान्याला पुरेसा नसतो. बाबांचं पोट बिघडलं, डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, आणि बिल थेट आमच्या खोलीच्या खात्यात. जहाजावर डॉक्टर खासगी दराने चालतात, आधी आपण भरायचं आणि मग विमा कंपनीमागे लागायचं. आमच्या विमा कंपनीने मूळ बिल, डॉक्टरांचा अहवाल, खात्याचा उतारा असं करत बरेच महिने घोळवलं. पॉलिसीत "जहाजावरील उपचार" आणि "समुद्रातून हलवणे" हे शब्द आहेत का, ते घेण्याआधी वाचा. रोजची औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते.

पैशांचं सांगायचं तर तिकिटावरची किंमत ही सुरुवात. माणशी रोजची सेवा रक्कम आपोआप चढते. जेवणाच्या टेबलावर पाण्याची बाटली विकत, बुफेत पाणी फुकट. आम्ही बाटल्या भरून आणायचो. दारूचं पॅकेज बहुतेक ठिकाणी एका खोलीतल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं, त्यामुळे एक पिणारा आणि एक न पिणारा असेल तर हिशोब करूनच ठरवा. खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, आधी परकीय चलन भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड नको. जहाज ठरावीक रक्कम अडकवून ठेवतं आणि ती मोकळी व्हायला कधी कधी आठवडे जातात, नेमके तेव्हा तुम्ही रोममध्ये रिकामं कार्ड घेऊन उभे.

जेवणाची भीती आईला होती, ती पहिल्या संध्याकाळीच गेली. युरोपातल्या जहाजांवर गोव्याची, मुंबईची माणसं भेटतातच. आमच्या टेबलाचा मुख्य वेटर मडगावचा निघाला. बाबांना म्हणाला, "काका, आदल्या रात्री सांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी डाळ-भात करून घेतो." आणि खरंच केला, हिंगाची फोडणी देऊन. शाकाहारींची अडचण होत नाही, जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच कळवावं. घरून नेताना लक्षात ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि तूप नको. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटात आली. किटली, इस्त्री आणि एक्सटेंशन बोर्ड बहुतेक जहाजांवर चढतानाच काढून घेतात, कारण आगीची भीती. संध्याकाळी सात वाजता बुफेवर लग्नाच्या पहिल्या पंगतीसारखी झुंबड असते. बसून जेवण्याच्या दालनात पहिली बैठक मागून घेतली की बाबांच्या वेळेचं जमतं.

खोली. भूमध्यात बाल्कनीवर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत. दिवसभर आपण गावात असतो आणि जहाज रात्री चालतं. बाहेर काळोखच. नॉर्वेत उलट. गाइरांगर फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, शिरताना धबधबे दोन्ही बाजूंना, तिथे बाल्कनीतून चहा घेत बसण्याचे पैसे वसूल होतात. आणि तिकडे जायचंच तर फार पुढे ढकलू नका. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या फ्योर्डांत शून्य उत्सर्जनाचा नियम लहान जहाजांना 2026 पासून लागू आहे, मोठ्यांना 2032 पासून. नॉर्वेतल्याच फ्लोम बंदरातून सुटणाऱ्या डोंगरी रेल्वेचं तिकीट घरूनच काढा. जहाज लागलं त्या दिवशी धक्क्यावरचे सगळे त्याच गाडीच्या मागे असतात.

लाटांचा त्रास ज्यांना होतो त्यांनी खोली मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. मार्सेय ते बार्सेलोना या टप्प्यात उत्तरेकडून मिस्त्राल वारा आला की जहाज चांगलंच डुलतं. डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन ही मळमळीवरची गोळी लाटा सुरू होण्याआधी घेतलेली बरी. खोलीच्या वर काय आहे तेही नकाशात बघा. आमच्या वर नाचाचा हॉल होता, रात्री एकपर्यंत छतातून ढोल ऐकले. वर-खाली खोल्याच असतील अशी जागा निवडावी.

पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत चुकवू नका, चुकवली तर नाव पुकारतात. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून 32 माणसं गेली, त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घेणं सक्तीचं झालं. आता व्हिडिओ बघून ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, दहा मिनिटांचं काम. बाबांनी जॅकेटची शिट्टी वाजते का तेही तपासलं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत पट्ट्या लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला, औषधं आत ठेवा. आमच्या समोरच्या खोलीतले एक काका सकाळी जहाजाच्या झग्यात रिसेप्शनपाशी उभे होते. बिल त्याच रात्री बघा, सकाळी तिथे रांग लागते. आम्हाला न घेतलेल्या दोन कॉफ्या लागल्या होत्या, रात्री अकराला पाच मिनिटांत काढून दिल्या. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका. बार्सेलोना किंवा जेनोआसारखं जवळ विमानतळ असलेलं बंदर असेल तर एक वेळ चालेल. चिविटावेक्कियाहून रोमचा फ्युमिचिनो विमानतळ गाठायचा असेल तर नाहीच.