बाजारातला माका: जुडी घ्या, पुडी नको

भंडारा-गोंदियाकडच्या आठवडी बाजारात पावसाळा ओसरताना माका, म्हणजे भृंगराज, तीन रूपांत दिसतो: ओली जुडी, वाळलेली पेंडी आणि चूर्णाची पुडी. केसांचं तेल करायचं असेल तर पैसे जुडीलाच द्यावेत.

जुडी मुळासकट, फुलासकट असावी. पानं समोरासमोर, लांबट, बिनदेठाची, हाताला खरखरीत. फूल पांढरं, बटणाएवढं. देठ चुरगाळला की थोड्याच वेळात बोटं काळी पडतात. जुडीत एकदांडी नावाचं तण सर्रास मिसळलेलं असतं. एकदांडीची दांडी लांब, मधला भाग पिवळा, पानं कातरलेली, आणि बी म्हातारीसारखं उडतं. माक्याचं उडत नाही. घेताना एवढं विचाराच, "मावशी, कुठल्या बांधीतला?" बांधी म्हणजे धानाचं शेत. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, असेल तर फुकटही नको. बोडीकाठचा, म्हणजे लहान तळ्याकाठचा, चालेल, पण मुळांचा चिखल तीन पाण्यांनी धुवावा लागतो.

एक लिटर तीळतेलाला ओल्या माक्याचा चार लिटर रस आणि १२५ ग्रॅम वाटलेला माका, म्हणजे कल्क. वाटताना पाणी ओतलं की रस वाढल्यासारखा वाटतो. वाढतं ते फक्त सरपण. भांडं तिप्पट मोठं घ्या, शेवटी फेस वर येतो. आच मंद हवी आणि उलथणं तळाला लागत राहायला हवं, नाहीतर कल्क बुडाला धरतो आणि करपट वास तेलातून जात नाही. कल्काची बोटांत वात वळली, ती पेटवल्यावर तडतडली नाही, की उतरवा. घाई केली तर पाणी राहतं आणि तेलाला लवकर आंबूस वास येतो. गरम असतानाच गाळा.

वाळलेली पेंडी दुसऱ्या नंबरची. काळपट हिरवी असली तरी चालते; कुबट वास आला तर ढिगात वाळवलेली समजावी. एक किलोला आठ लिटर पाणी, आटवून दोन लिटर काढा, तो अर्ध्या लिटर तेलाला पुरतो. कल्क इथे ८० ग्रॅमच्या आसपास.

पुडीबद्दल काय सांगावं! दळल्यावर माका कोणता नि एकदांडी कोणती, हे विकणाऱ्यालाही ओळखता येत नाही. घ्यायचीच असेल तर त्याच्याकडची अख्खी पेंडी समोर दळून मागा. बहुतेक जण तयार होतात.