उद्यमबागेतील गॅरेज आणि हरवलेला पहिला गिअर

जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना चढावर माझ्या बारा वर्षांच्या गाडीचा पहिला गिअर सापडेनासा झाला. दांडा डावीकडे नेऊन पुढे ढकलला, तरी कधी तिसरा पडे, कधी काहीच पडत नसे. बेळगावातील एका वर्कशॉपने बॉनेटही न उघडता गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च सांगितला, म्हणून मी उद्यमबागेतील एक छोटे गॅरेज गाठले.

तेथील मिस्त्रींनी प्रथम इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. बंद गाडीत गिअर सहज पडत असतील आणि इंजिन सुरू केल्यावरच अडत असतील, तर दोष बहुधा क्लचचा असतो. माझ्या गाडीत मात्र दोन्ही वेळा तोच गोंधळ होता. मग त्यांनी एअर फिल्टरचा डबा काढला, पोऱ्याला आत बसवले आणि त्याला कन्नडमधून "फर्स्ट हाको" (पहिला टाक) म्हणत मला मराठीतून समजावू लागले. (बेळगावात याचे नवल कोणाला वाटणार?)

जुन्या जीपमध्ये दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो. इंजिन आडवे बसवलेल्या माझ्या गाडीत मात्र त्याच्या बुडाशी दोन केबल आहेत. दांडा डावी-उजवीकडे केला की एक केबल गिअरची जोडी निवडते आणि पुढे-मागे केला की दुसरी केबल त्या जोडीतील गिअर टाकते, म्हणजे आतला फोर्क (काट्यासारखा तुकडा) स्लीव्ह, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणारे कडे, सरकवतो. पोऱ्याने दांडा पार डावीकडे रेटला, तरी गिअरबॉक्सवरील निवडीचा लिव्हर अर्ध्यातच थांबत होता. केबलच्या टोकातील प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे सांध्यात बसणारे छोटे कडे, झिजून लंबगोल झाला होता. मिस्त्रींनी तो माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा त्याची एक कड नखाइतकी पातळ दिसली. एवढ्याशा कड्यासाठी मी गिअरबॉक्स उतरवणार होतो!

बुश मिळायला दोन दिवस लागले, लेखी बिल मागूनही मिळाले नाही आणि दांड्याच्या कव्हरवर ग्रीसचे डाग राहिले, या तक्रारी खऱ्याच आहेत. तरीही नवा बुश बसवल्यावर न्यूट्रलमध्ये केबलची लांबी जुळवून, मला शेजारी बसवून त्यांनी खानापूर रस्त्यावर चक्कर मारली, तेव्हा पहिला गिअर दोन बोटांनी पडला. रिव्हर्स अजून किंचित खरखरतो; या गाडीत त्याला सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग सारखा करणारा भाग) नसल्याने, गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबल्यावर क्षणभर थांबून मगच तो टाकावा, असे त्यांनी बजावले आहे.