समाजाभिमुख कला आणि डिझाइन स्वतःच्या संशोधनातून शिकणं : काही महिन्यांनंतरचा अनुभव

या पद्धतीत तयार अभ्यासक्रम हातात पडत नाही. प्रश्न आपणच ठरवायचा, तो कुठे आणि कोणाबरोबर शोधायचा तेही आपणच ठरवायचं, वाचनाची यादी आपण लावायची. अधूनमधून मार्गदर्शक आणि सोबतच्या विद्यार्थ्यांसमोर काम मांडायचं आणि शेवटी काय केलं, का केलं, याचा लेखी हिशेब द्यायचा. लोकांशी जुळणारं नातं हाच ज्या कलेचा कच्चा माल, ती अशा रीतीने शिकता येते का, असं बरेच जण विचारतात. काही महिने यात घालवल्यावर माझं उत्तर स्पष्ट आहे: येते, आणि हीच रीत तिला सगळ्यात जवळची आहे. अट एकच. सुरुवातीला लिहून दिलेला प्रश्न मध्यावर बदलायची मुभा खरोखरची हवी, नुसती कागदावरची नको.

सुरुवातीचा काळ वाचनात जातो आणि तो जाऊ द्यावा. कोणतंही उदाहरण वाचताना मी दोन गोष्टी शोधायची: कलाकार तिथे किती काळ होता, आणि त्याच्याशिवाय कोणाकोणाचे हात लागले. एवढ्यानेही वाचनाला दिशा मिळते. जर्मन कलाकार योझेफ बॉइसने 1982 मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात 7000 ओकची झाडं लावायचं काम सुरू केलं. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक दगड. सगळे दगड संग्रहालयासमोर रचून ठेवले होते आणि झाड लागलं की त्यातला एक हलवायचा. ढीग जितका कमी, तितकं काम पुढे गेलेलं, असं सगळ्या शहराला दिसत होतं. बॉइस 1986 मध्ये गेला, शेवटचं झाड 1987 मध्ये लागलं. अमेरिकन कलाकार सुझॅन लेसीने त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये साठीपुढच्या 430 स्त्रियांना टेबलांभोवती बसवून 'क्रिस्टल क्विल्ट' सादर केलं. ते एका दिवसाचं सादरीकरण दिसत असलं तरी त्यामागे दोनेक वर्षांची जुळवाजुळव होती.

मला सर्वांत उपयोगी पडली ती अमेरिकन कलाकार मीर्ले लॅडरमन युकेलेस. घर आणि शहर चालू ठेवणारं रोजचं देखभालीचं काम हीच कला, असं तिने 1969 मध्ये जाहीरनाम्यात मांडलं. 1979-80 मध्ये ती न्यूयॉर्कच्या सुमारे 8500 सफाई कामगारांना प्रत्यक्ष भेटली, प्रत्येकाशी हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. भारतीय कलाकार नवजोत अल्ताफ यांचं छत्तीसगडच्या बस्तरमधल्या कोंडागावातलं काम मला असंच जवळचं वाटतं. स्थानिक कलाकारांबरोबर त्यांनी हातपंपांभोवतीच्या जागा नव्याने घडवल्या. भरलेलं भांडं उचलताना मध्ये टेकवता यावं म्हणून तिथे कट्टे आणि कोनाडे केले. शिल्प आणि सोय यांत तिथे फट उरत नाही.

आता माझ्या प्रकल्पाबद्दल. एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरची थांबण्याची जागा मी निवडली. लिहून दिलेला प्रश्न होता, ही जागा कमी त्रासाची कशी करता येईल. भिंती, रंग, दिशादर्शक पाट्या, बसण्याची मांडणी अशा अंगाने विचार चालला होता. तिथे बसायला लागल्यावर एक गोष्ट लगेच जाणवली. खुर्च्या नंबर दाखवणाऱ्या पडद्याकडे तोंड करून होत्या आणि त्यातल्या बऱ्याच रिकाम्या असायच्या. गर्दी दाराशी. पडद्यावर नंबर यायचा, पण आत बोलावताना नावाने हाक यायची आणि हाक दाराजवळच ऐकू यायची. मग खुर्चीवर कोण बसणार!

फरशी पुसणाऱ्या ताई माझ्याशी बोलू लागल्या, ते मी रोज तिथे दिसते म्हणून. लोक पाणी प्यायलासुद्धा हलत नाहीत, त्या म्हणाल्या. नंबर जाईल अशी धास्ती असते. सोबत कोणी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या स्वतः सांगायच्या, "तुम्ही जाऊन या, मी आत सांगते." कोण कुठे गेलंय हे त्यांच्या डोक्यात असायचं. पुसता पुसता त्या दाराकडे एक नजर ठेवायच्या आणि नावाची हाक आली की परस्पर उत्तर द्यायच्या, "येतायत हो, बाथरूमला गेलेत." कोणी न आखलेली, कोणी पगार न देणारी एक सेवा तिथे आधीपासूनच चालू होती. युकेलेसने कामगारांना प्रत्यक्ष भेटायचं का ठरवलं असेल, ते मला त्या दाराशी नीट उमगलं. माझा प्रश्न तिथून बदलला: रांगेतली आपली जागा न गमावता माणसाला उठून जाता यावं, यासाठी काय लागेल?

पहिला नमुना म्हणजे दाराशी एक उथळ ट्रे. उठून जाणाऱ्याने त्यात आपला केसपेपर ठेवायचा. ताईंनी घडी घातलेला केसपेपर त्यात टाकून दाखवला. नाव आतल्या बाजूला गेलं, वरून काहीच वाचता येईना. उघडा ठेवावा तर नर्सबाईंची हरकत, आणि ती रास्त होती. आजाराची नोंद येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसता कामा नये. म्हणून जाड पुठ्ठ्याच्या जोडपट्ट्या आल्या. नंबर आणि आकार एकच, एक पट्टी ट्रेमध्ये, दुसरी हातात. अक्षर न वाचणाऱ्यांसाठी गोल, त्रिकोण, चौकोन. ट्रेमध्ये पट्टी दिसली की आतून एकदा हाक देऊन थांबायचं नाही, माणूस परतल्यावर पुन्हा बोलवायचं, एवढाच नियम. तोही नर्सबाईंनीच घालून दिला. माझ्या मूळ आराखड्यात यातलं काहीच नव्हतं, आणि हे घडायला जागा मिळाली ती प्रश्न बदलता आला म्हणून.

परवानगीबद्दल थोडं सविस्तर, कारण आखून दिलेल्या अभ्यासक्रमात हा भाग बहुतेक एका अर्जावर भागतो. रुग्णालयाची लेखी परवानगी मिळाली म्हणून तिथल्या माणसांची मिळाली असं होत नाही. आजारी माणूस आधीच अवघडलेला असतो. वही घेऊन समोर आलेली व्यक्ती त्याला रुग्णालयाचीच वाटते आणि 'नको' म्हणणं जड जातं. म्हणून मी रुग्णांना प्रश्न विचारले नाहीत. नातेवाइकांशी आणि कर्मचाऱ्यांशीच बोलले, आणि पहिलं वाक्य नेहमी हेच की बोललात-न बोललात तरी नंबरावर काही परिणाम होणार नाही. फोटो काढले नाहीत. पाठमोरी रेखाटनं केली. चेहऱ्यापेक्षा बसण्याची ढब कितीतरी जास्त सांगते, हे त्या रेखाटनांनीच मला दाखवलं.

वही मात्र चुकवू नका. पानाचे दोन भाग करा, डावीकडे पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे त्यावरचा आपला विचार. दोन्ही मिसळलं की महिन्याभराने आपणच आपलं मत साक्ष म्हणून वापरायला लागतो.

सहभाग मोजायला मी अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीनची 1969 ची आठ पायऱ्यांची शिडी वापरली; जितकी वरची पायरी, तितका निर्णयात लोकांचा वाटा जास्त. लोकांचं मत विचारणं तिथे चौथ्या पायरीवर येतं आणि तिच्या मते ते अजून नावापुरत्या सहभागातच मोडतं. भागीदारी सहाव्या पायरीवर सुरू होते. प्रत्येक टप्प्याला आपण कुठे उभे आहोत याची खूण वहीत करत गेले, तर चर्चा फार लवकर मुद्द्यावर येते. मार्गदर्शकांबरोबरच्या माझ्या सगळ्यात चांगल्या बैठका या खुणांवरच झाल्या. सोबतच्या विद्यार्थ्यांच्या बैठकांचा दर्जा मात्र वरखाली होतो. तीनचार जण नेमाने दुसऱ्याचं काम वाचून येणारे असतील तर त्या अमूल्य, नाहीतर सगळे आपापलं सांगून उठतात.

तक्रार आहे ती मूल्यमापनाची. मी शिकते तिथे सत्राअखेर प्रदर्शन अनिवार्य आहे. लोकांबरोबरच्या कामाला पांढऱ्या भिंतीवर मांडायचं म्हटलं की दिसायला देखणा तोच भाग पुढे येतो. माझ्या बाबतीत पुठ्ठ्याच्या पट्ट्या झळकल्या आणि नर्सबाईंचा नियम कोपऱ्यातल्या मजकुरात गेला. ही अडचण जुनीच आहे. कलासमीक्षक क्लेअर बिशपने 2006 मध्ये आक्षेप घेतला होता, की अशा कामांना हेतूच्या चांगुलपणावर गुण दिले जातात, कला म्हणून ती पारखलीच जात नाहीत. याउलट कला-इतिहासकार ग्रँट केस्टर संवादाच्या प्रक्रियेतच सौंदर्य पाहतो. मला दोघांचंही अर्धं पटतं. चांगल्या हेतूला सूट मिळू नये. पण परीक्षकाने एकदा तरी प्रत्यक्ष जागेवर येऊन बसावं, भिंतीवरून निकाल देऊ नये.

वेळेचं गणितही जुळत नाही. सत्र संपतं, तिथली माणसं तिथेच असतात. निघताना पट्ट्यांचे साचे, हरवलेली पट्टी नव्याने कशी करायची याची चित्रं आणि माझ्या टिपणांची साध्या भाषेतली प्रत मी ताई आणि नर्सबाईंकडे दिली. त्यांच्या पाळीत ट्रे चालू आहे. दुसऱ्या पाळीने तो अजून स्वीकारलेला नाही, आणि पुढच्या सत्रात मी तिथूनच काम सुरू करणार आहे.

ज्यांना आठवड्याचं वेळापत्रक आणि ठरलेला गृहपाठ लागतो त्यांनी या वाटेला जाऊ नये, बरेच दिवस काहीच घडत नाहीसं वाटतं. ज्यांना एका जागी टिकून बसता येतं त्यांनी जरूर यावं. फक्त प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: प्रश्न बदलायचा तर किती कागद भरावे लागतात, मार्गदर्शक कामाच्या जागी येतात का, आणि सत्र संपल्यावरही तिथे काम चालू ठेवायला संस्थेचं पत्र मिळतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखीच घ्या.