रिकाम्या रिलेचे अठराशे रुपये

आमची वॅगन आर 2008 सालची. वडिलांनी घेतलेली, म्हणून विकायचं मन होत नाही. इंजिन अजून ठणठणीत आहे. तक्रार एकच होती, रात्री समोरचं नीट दिसत नव्हतं. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर, तर रस्त्यावर पिवळट सावलीच पडायची. सासुरवाडी चिपळूणची असल्यामुळे कराडहून कुंभार्ली घाटाने वर्षातून सात-आठ फेऱ्या होतात. त्यातल्या निम्म्या पावसात आणि अंधारात. म्हणून जूनमध्ये पुण्याला गेलो तेव्हा हेडलाइटचं काम करून घ्यायचं ठरवलं. तिथे माझे साडेनऊ हजार गेले. पैशापेक्षा जास्त काय जाऊ शकलं असतं ते कळावं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकान चांगलं मोठं, काचेचं. दुकानदार तरुण, बोलायला गोड. त्याने गाडी दुकानाच्या शटरसमोर पाच-सहा फुटांवर लावली आणि एका बाजूला जुना बल्ब तसाच ठेवून दुसऱ्या बाजूला एलईडी लावला. शटरवर पांढराशुभ्र झोत पडला. "बघा सर, दिवस उजाडला." खोक्यावर 130 वॉट, 20,000 लुमेन, 6000 के असे आकडे होते. मी भुललो. वर तो म्हणाला, "जुन्या गाडीचं वायरिंग दमलेलं असतं, रिले किट टाकावं लागेल, नाहीतर पूर्ण लाइट मिळणार नाही." रिले म्हणजे बॅटरीचा करंट थेट लाइटला जोडणारा छोटा विजेचा स्विच. हे वाक्य खरं होतं, आणि तिथेच माझा विश्वास बसला. फसवणाऱ्याच्या बोलण्यात निम्मं खरंच असतं, म्हणून तर बाकीचं निम्मं पचतं.

बल्बची जोडी 5,500, रिले किट 1,800, काचेचं पॉलिश 1,200 आणि फिटिंगचे 1,000. "आरटीओ पास आहे ना?" म्हणून विचारलं तर "शंभर टक्के सर" म्हणाला. बिल मागितलं तेव्हा पॅडच्या कागदावर आकडे लिहून दिले. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. मी तो कागद घडी करून खिशात टाकला. त्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं, हे मला महिनाभराने दिसलं. काम चालू असताना त्याने आम्हाला चहाला आत बसवलं आणि बॉनेट उघडं असताना मी एकदाही बाहेर जाऊन पाहिलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चिपळूणला निघालो. कोयनानगर सोडेपर्यंत साडेआठ वाजले होते. घाटमाथ्यावर धुकं इतकं दाट होतं की बॉनेटच्या पुढे पांढरी भिंतच उभी होती. डावीकडची पट्टी दिसेना, कठडा दिसेना. पिवळ्या बल्बवर निदान रस्त्याची कड कळायची. आता उजेड भरपूर आणि दिसत काहीच नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर-डिपर मारत होती. एका वळणावर एसटी करकचून थांबली. चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "ओ भाऊ, डिपर द्या की! काय दिसंना झालंय!"

मी डिपरवरच होतो.

मी हात जोडून तसं सांगितलं. तो गप्प झाला, डोळ्यांवर आडवा हात धरून त्याने बस हळूहळू आमच्या शेजारून काढली. आत माणसं भरलेली होती आणि त्यांच्या अंगाला दरी होती. पुढे दोन वळणांवर उजवा लाइट बंद पडला. "अहो, थांबवा बाजूला," एवढंच बायको म्हणाली. पार्किंग लाइट लावून अर्धा तास थांबलो आणि मग एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून घाट उतरलो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं. साठीचे काका, तीसेक वर्षं हेच काम करणारे. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आधी रिलेवर बोट ठेवलं. मला म्हणाले, "लाइट लावा." लावली. "बंद करा." केली. "पुन्हा लावा." मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. "लागतंय काही हाताला? रिले ओढला की टिक् होतं. आवाज नाही आला तरी बोटाला कळतं. हा मेलेला आहे." त्यांनी ती काळी डबी उपसली, स्क्रूड्रायव्हरने खालची पट्टी उचकटली आणि माझ्या तळहातावर उलटी केली. आत कॉइल नाही, पॉइंट नाही, काही नाही. दोन पिनांना एक वायरचा तुकडा आडवा डागलेला. बॅटरीवरून आणलेली जाड लाल वायर टेप गुंडाळून नुसतीच आत खोचलेली होती. अठराशे रुपये मी त्या रिकाम्या डबीचे दिले होते.

पुढचं त्यांनी मीटर लावून दाखवलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.6 व्होल्ट. चांगल्या बाजूचा एलईडी खेचत होता 1.6 अँपिअर, म्हणजे जेमतेम 22 वॉट. खोक्यावर 130. लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा आकडाही असाच फुगवलेला. गाडीचा मूळचा साधा बल्ब, एच-फोर हॅलोजन, 60/55 वॉटचा (अप्परला 60, डिपरला 55) असतो, तो डिपरला साधारण 1,000 आणि अप्परला 1,650 लुमेन देतो, आणि तेवढ्यावर या गाडीचा रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा आरसा, बेतलेला असतो. '6000 के' हा तर उजेडाचा आकडाच नाही, तो रंगाचा आहे. हॅलोजन 3200 च्या आसपास, पिवळसर. आकडा वाढला की उजेड निळसर होतो, जास्त होत नाही.

मग काकांनी हॅलोजन बल्ब हातात घेऊन समजावलं. आत दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणूनच झोत रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. तार मिलिमीटरभर जरी सरकली तरी सगळा झोत बिघडतो. माझ्या एलईडीच्या चिप त्या जागेवर नव्हत्याच, शिवाय बल्ब असा बसवला होता की चिप डाव्या-उजव्या बाजूला असायच्या त्या वर-खाली आल्या होत्या. त्यामुळे उजेड धुक्यात वर उधळत होता, आणि तोच त्या चालकाच्या डोळ्यात जात होता.

उजवा लाइट का गेला? बल्बच्या मागचा पंखा मावावा म्हणून दुकानातल्या पोराने पाण्याचं रबर कव्हर कात्रीने कापलं होतं. हेडलाइटमध्ये पाणी साठलं होतं, रिफ्लेक्टरच्या चांदीला डाग पडले होते. तो हेडलाइट पूर्ण बदलावा लागला, 2,200 रुपये. पॉलिशचंही तसंच. घासून वर नुसता चकाकी आणणारा द्रव फासलेला, उन्हापासून काच जपणारा यूव्हीचा थर दिलाच नव्हता. दिवाळीपर्यंत डाव्या बाजूची काच पुन्हा पिवळी पडली.

मूळ दुखणं काय होतं तेही त्याच दिवशी कळलं. काकांनी साधे 60/55 चे बल्ब लावून होल्डरवर मीटर धरलं, तर 11.3 व्होल्ट. बॅटरीपासून स्विचमधून फिरून येता येता सव्वादोन व्होल्ट गळत होते. हॅलोजनला एवढा व्होल्टेज कमी मिळाला की उजेड जवळजवळ निम्मा होतो. त्यांनी अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन खरे रिले, बॅटरीपासून फ्यूज घालून थेट वायर, सिरॅमिक होल्डर आणि नवी बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडणारी वायर) टाकली. मीटर पुन्हा लावलं, 13.2. बल्ब, किट, मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. मग भिंतीसमोर गाडी लावून झोत बसवला. आपल्याकडे डिपरच्या झोताची कड डावीकडे चढती हवी. उजवीकडे चढती दिसली तर तो माल उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांचा असतो आणि समोरच्याला आंधळं करतो, हेही त्यांनीच सांगितलं.

पुण्याच्या दुकानदाराला फोन केला तर "पाण्यात गाडी घातली असेल, वॉरंटी गेली." प्रत्यक्ष जाऊन उघडलेली डबी काउंटरवर ठेवली तर "फिटिंगवाला पोरगा सोडून गेला सर." आरटीओ पासचं विचारलं, तर नजर चुकवली. मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य फेरफाराबद्दल कलम 182 अ खाली मालकाला, म्हणजे मला, प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदाराने तोंडी दिलेल्या 'शंभर टक्के'चा तिथे काही उपयोग नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. कच्च्या कागदावर नाव नव्हतं, पण पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे तारीख, रक्कम आणि खातेदाराचं नाव हाती होतं. रोख दिले असते तर माझ्याकडे काहीच राहिलं नसतं. काकांनी मीटरचे आकडे लिहून सही करून दिले, कापलेलं रबर आणि रिले पिशवीत घालून ठेवले, फोटो काढले. नोटीस गेल्यावर बारा दिवसांनी पाच हजार परत आले, एका शब्दाविना.

उरलेल्या साडेचार हजारांसाठी आणि बदललेल्या हेडलाइटसाठी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज लिहून झाला आहे. त्यात त्या एसटीचा प्रसंगही लिहिला आहे, कारण मला ती रात्र अजून झोपेत दिसते.