सात महिने फुकटात बिझनेस ॲनालिसिस: 'कशासाठी' कुणीच नीट शिकवलं नाही

परवा बिझनेस ॲनालिसिसच्या, म्हणजे धंद्याची खरी गरज शोधून ती नीट मांडायच्या कामाच्या, एका 'मोफत' कोर्सने शेवटचा धडा संपल्यावर प्रमाणपत्रासाठी १,४९९ रुपये मागितले. ईमेल केला, तर अटी वाचा म्हणाले. पैसे भरले नाहीत, भरणारही नाही. पण सात महिने रोज दीड तास घातलाय, तेव्हा काय मिळालं ते लिहितोच.

मी बी.कॉम., घर धरणगावला. पुण्यात राहून क्लास लावणं परवडणारं नव्हतं. आकृत्या काढायचं ड्रॉ.आयओ फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. एसक्यूएलबोल्ट या साइटवर ब्राउझरमध्येच क्वेऱ्यांचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञांचा, सराव होतो. स्क्रम गाइड, म्हणजे टीमने छोट्या टप्प्यांत काम करायच्या स्क्रम पद्धतीची पुस्तिका, एका बैठकीत वाचून होतं. कामाचा प्रवाह आकृतीत मांडायच्या खुणांचं, बीपीएमएनचं, मूळ मानकही मोफत आहे, पण पाचशेच्या वर पानं; नवख्याने ते उघडू नये. लेन (प्रत्येक माणसाच्या कामाचा वेगळा पट्टा), कामाची चौकट आणि निर्णयाचा तिरका चौकोन यांवर माझं सगळं काम भागलं.

माझा खरा राग यूजर स्टोरीवर, म्हणजे वापरणाऱ्याची गरज एका वाक्यात लिहायच्या साच्यावर, आहे. 'अमुक म्हणून मला तमुक हवं, जेणेकरून…' यातला 'जेणेकरून' सगळे उरकून टाकतात. पाहिलेल्या तीन कोर्समध्ये उदाहरण एकच: ग्राहकाला लॉगिन हवं, जेणेकरून त्याला खरेदी करता येईल. मग लॉगिन न करता खरेदी का नको? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. चार महिने मी अशाच स्टोऱ्या पाठ करत होतो.

दिवाळीनंतर काकांनी हाक मारली. ते कापसाची खेडा खरेदी करतात, म्हणजे गावातच शेतकऱ्यांकडून थेट कापूस घेतात. म्हणाले, "मला एक ॲप करून दे." मी लगेच वहीत स्क्रीन काढायला लागलो. मग थांबलो आणि विचारलं, "कशासाठी, काका?" शेतकऱ्यांचे फोन फार येतात म्हणे. का येतात? बाकी किती ते विचारायला. मग दोन दिवस त्यांच्या काट्यावर बसून राहिलो. तिथे बाकीआधी दुसराच प्रश्न कानावर यायचा: "कट्टी कितली कापी, ते सांग पहिले." वजन, कट्टी (वजनातून कापलेला भाग), ओलाव्याची कपात, हमाली, उचल हे सगळं काकांच्या वहीत होतं, शेतकऱ्याच्या हातात फक्त शेवटचा आकडा. लेन काढल्यावर हे डोळ्यांना दिसलं: शेतकऱ्याच्या लेनमध्ये एकही कागद येत नव्हता. ॲप नकोच होतं. पाच रकान्यांची दुप्रत पावती हवी होती. ती छापून घेतली आणि फोन खरंच कमी झाले.

इथे माझं एक मत बदललं. आयआयबीए या बिझनेस ॲनालिस्टांच्या संघटनेच्या बॅबॉक या मार्गदर्शक ग्रंथाला मी जाडजूड, निरुपयोगी म्हणत होतो. २०१५ची तिसरी आवृत्ती, त्यात ५० तंत्रं, आणि पीडीएफ मोफत मिळते ती फी भरून सभासद झाल्यावरच. पण काट्यावर बसणं म्हणजे त्यातलं 'ऑब्झर्व्हेशन', आणि 'का, का' विचारत मुळाशी जाणं हेही त्यातच आहे. गरज वेगळी आणि उपाय वेगळा, हेही त्यात स्वच्छ मांडलंय. व्हिडिओवाल्यांनी तेवढंच गाळलं.

एक उणीव फुकटात भरून निघाली नाही: माझं लिहिलेलं तपासणारं कुणी नव्हतं. शेवटी ते काकांच्या दिवाणजींनी केलं. पहिल्या पावतीत उचल वजा करायची राहिली होती, ती त्यांनीच दाखवली.

आयआयबीएच्याच ईसीबीए या नवख्यांसाठीच्या परीक्षेची फी डॉलरमध्ये आहे, ती यंदा नाही. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर शिकणं फुकट आहे, तिथला एक कोर्स लावलाय. पावतीत ओलाव्याचा रकाना अरुंद झालाय, आकडा बाहेर जातो. पुढच्या छपाईत तो रुंद करायचाय.