निंबोळी तेल १५०० पीपीएम: मावा गेला, अळी तशीच

आमचं वीस गुंठे वांगं आहे, कराडच्या पुढं नदीकाठाला. माल गावातच विकतो, घेणारी सगळी ओळखीची, म्हणून यंदा कडक औषधं कमी करायची ठरवलं आणि निंबोळी तेल आणलं, ॲझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं किडीवर चालणारं द्रव्य) १५०० पीपीएमवालं, म्हणजे दहा लाख भागांत १५०० भाग. दोन महिने मारून झालं, आता लिहितो.

पहिली बाटली वायाच गेली. दुकानदार म्हणाला सगळ्यावर चालतंय, मारा बिनधास्त. घरी येऊन बघतो तर मुदत संपायला पंधरा दिवस, वर बाटली कधीची दुकानाच्या काचेत उन्हात उभी होती, आणि ॲझाडिरॅक्टिनला ऊन अजिबात सोसत नाही. बदलून द्या म्हटलं तर म्हणे तेल कुठं खराब होतंय का. दुसरी दुसऱ्या दुकानातनं आणली, तारीख बघून. फरक बादलीतच कळला. चांगलं तेल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं, आधीच्या बाटलीचं नुसतं वर तरंगत होतं, आमटीवरच्या तवंगासारखं, त्यानं नोझल तुंबला आणि दहा-बारा झाडांची पानंपण करपली.

लिटरला ५ मिली, दर आठ दिवसांनी, ऊन कललं की पानांच्या खालनं. दुसऱ्या दिवशी पान उलटून बघितलं तर मावा (पानातला रस शोषणारी बारीक कीड) होता तसाच, वडील म्हणाले नुसतं पाणी मारलंस की काय. पण हे औषध पटकन मारत नाही बघा, किडीचं खाणं सुटतं, पिल्लांना कात टाकता येत नाही, म्हणून आठवडाभर दम धरायचा. सातव्या दिवशी कोवळ्या पानावरचा मावा आणि त्याचा चिकटा गेलेला, तुडतुडेपण (त्याच जातीची रस शोषणारी कीड) बरेच कमी. पांढऱ्या माशीला मात्र जोडीला पिवळे चिकट सापळे लावावेच लागले.

शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर शून्य मार्क. ती एकदा आत शिरली की बाहेरनं तेल मारून काय होणार? माना टाकलेले शेंडे खुडून जाळले, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे) लावले, तेव्हा कुठं किडकी वांगी कमी झाली. "सगळ्यावर चालतंय" म्हणणाऱ्याला एक किडकं वांगं नेऊन दाखवायचं राहिलंय.

आणि खरं सांगू का, घरचा ५ टक्के निंबोळी अर्क मला याच्यापेक्षा काही कमी वाटला नाही. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर ९ लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातनं गाळायची (आमच्याकडं आजोबांचं जुनं धोतर आहे, आता कायमचं हिरवट झालंय), २०० ग्रॅम साबण १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि सगळं मिळून १०० लिटर करायचं. त्याच दिवशी संपवायचं, ठेवायचं नाही. खर्च साबणाचा. कष्ट मात्र लै, पिळून पिळून हात दोन दिवस कडू लागतात, भाकरीसुद्धा कडू.

म्हणून बाटलीला पाचपैकी तीन, तेपण तारीख बघून घेतली तरच. यंदा जूनमधे पोरांना निंबोळ्या गोळा करायला लावणार, किलोला दहा रुपये कबूल केलेत, सावलीत वाळवून पोती माळ्यावर टाकणार. गेल्या साली अंगणात उघड्यावर ठेवल्या आणि पहिल्याच पावसात सगळ्यांना बुरशी आली.