‘सात बँड गॅरंटी’: आमचे ८३ हजार आणि लेकीचं एक वर्ष कसं गेलं

मी अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बावीस वर्षं झाली. पोरांना वाचायला शिकवायचं आणि रोज दहा ओळींचं श्रुतलेखन घ्यायचं, हेच माझं काम. आणि नेमक्या ऐकण्या-वाचण्याच्या परीक्षेतच माझ्या लेकीची फसवणूक झाली. मी शेजारी बसून होते, पैसेही मीच मोजून दिले. दीड वर्ष हे चारचौघांत सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण जळगावला, धुळ्याला अशा क्लासचे बोर्ड वाढत चाललेत आणि आपल्या खेड्यांतली पोरं तिकडे जातायत.

लेकीने बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी केली. पुढचं शिक्षण जर्मनीत घ्यायचं तिच्या मनात होतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, हे तिनेच शोधून काढलं होतं. इंग्रजीतून चालणाऱ्या अभ्यासक्रमासाठी तिला आयईएलटीएसमध्ये ६.५ बँड हवे होते. सगळे ‘आयेल्ट्स’ म्हणतात ती हीच इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिच्यात मिळणारी श्रेणी. तिचे पप्पा शेती करतात, कापूस आणि मका. ते म्हणाले, “पोरगी हुशार शे, फक्त इंग्रजीले घाबरस. क्लास लावी दे.” भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस आम्ही २०२४ च्या मे महिन्यात होता त्या भावाला काढला.

जळगावातल्या त्या क्लासच्या बोर्डवर लिहिलं होतं, ‘सात बँड गॅरंटी, नाहीतर पैसे परत’. आतल्या सरांनी लेकीला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. ती अडखळली. तिला धीर द्यायचा सोडून सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “मॅडम, मराठी मीडियम ना? मग साध्या बॅचने होणार नाही. गॅरंटी बॅच घ्यावी लागेल.” साध्या बॅचची फी १८ हजार, गॅरंटी बॅचची ४८ हजार. मी स्वतः मराठी शाळेची शिक्षिका आहे, पण त्या वाक्यापुढे मला एक शब्द बोलता आला नाही. आपल्या पोरीत काही उणं राहिलंय आणि ते आपल्यामुळेच राहिलंय, असं मला वाटून गेलं. आज वाटतं, पैसे तिथेच गेले होते. बाकीचं नुसतं मोजणं राहिलं होतं.

२० हजार यूपीआयने दिले, तेही क्लासच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खाजगी खात्यात. उरलेले रोख. पावतीवर ‘स्टडी मटेरियल’ असं लिहिलं होतं, खाली बारीक अक्षरात ‘पैसे परत मिळणार नाहीत’. गॅरंटी फक्त बाहेरच्या बोर्डवर होती. पावती मी घरी आल्यावर वाचली आणि गप्प बसले.

आता तिथे काय शिकवलं ते सांगते. बारकाव्याने सांगते, कारण पोराचा क्लास खरा की खोटा हे तुम्हाला यावरूनच ओळखता येईल.

खऱ्या परीक्षेत लिसनिंगचं रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण तीस मिनिटं. एखादा माणूस फोनवर मंगळवार म्हणतो आणि पुढच्याच श्वासात ‘नाही, गुरुवार करा’ म्हणतो. ज्याने मंगळवार लिहून पेन खाली ठेवलं त्याचा तो प्रश्न गेला. उच्चार ब्रिटिश असतात, ऑस्ट्रेलियन असतात. स्पेलिंग चुकलं तर मार्क नाही. ‘दोनच शब्द लिहा’ म्हटलेलं असताना तीन लिहिले तर उत्तर बरोबर असूनही चूक धरतात. क्लासमध्ये मात्र प्रत्येक रेकॉर्डिंग तीनदा लावायचे, मध्येमध्ये थांबवून “आलं का लक्षात?” असं विचारायचे. तिसऱ्यांदा ऐकल्यावर पोरांना पस्तीस-छत्तीस मार्क पडायचे आणि पोरं खूश. मीही खूश. मी स्वतः श्रुतलेखनात वाक्य दोनदा वाचते, पण परीक्षेच्या दिवशी एकदाच, हा नियम माझ्या वर्गातल्या तिसरीच्या पोरांनाही ठाऊक आहे. तरी त्या मार्कांमागे काय आहे, हे मी विचारलं नाही.

रीडिंगचा घोळ याहून मोठा. या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. विद्यापीठ प्रवेशासाठी अकॅडमिक. नोकरीसाठी किंवा परदेशात स्थायिक व्हायला जाणारे जनरल ट्रेनिंग देतात. अकॅडमिकमध्ये साठ मिनिटांत तीन लांब उतारे, पुस्तकांतून आणि नियतकालिकांतून घेतलेले. जनरलमध्ये सुरुवातीला सूचना, जाहिराती, कामाच्या ठिकाणचे नियम असं सोपं वाचन असतं. आमच्या लेकीला चार महिने हे सोपं वाचन दिलं. का, ते मला फार उशिरा कळलं. मार्कांचं बँडमध्ये रूपांतर दोन्ही प्रकारांत वेगळं होतं. चाळीसपैकी तीस मिळाले तर अकॅडमिकमध्ये साधारण ७ बँड होतात, जनरलमध्ये ६. क्लासवाले पेपर सोपा द्यायचे आणि तक्ता अकॅडमिकचा लावायचे. लेकीला एकतीस पडले की वहीवर लाल पेनाने ‘७’. ती वही मी शाळेतल्या बाईंना दाखवली होती. पेढेसुद्धा आणायच्या बेतात होते.

परीक्षेचं रजिस्ट्रेशनही त्यांनीच केलं. “मॅडम, तुम्हाला जमणार नाही, किचकट असतं,” असं म्हणाले. ई-मेल त्यांचा, पासवर्ड त्यांचा. खरं तर पासपोर्ट हाताशी असला की घरबसल्या होणारं काम आहे. भारतात ही परीक्षा २०२१ पासून आयडीपी नावाची कंपनी घेते, त्यांच्या वेबसाइटवर आपल्याच ई-मेलने खातं उघडता येतं. रिझल्ट त्याच खात्यावर येतो. म्हणून ते दुसऱ्याच्या हातात देऊच नका.

ऑक्टोबरमधली पुण्याची तारीख मिळाली. त्याआधी तीन आठवडे सरांचा फोन आला. आवाज एकदम हळू. “मॅडम, ओरिजनल प्रश्न आतून येतात. चारच पोरांना देतो. तुमची पोरगी साधी आहे म्हणून सांगतोय. ३५ हजार, कॅश.”

आता पुढचं लिहिताना हात जड होतो. मी ते पैसे दिले. पेपर फुटला म्हणून पोरांचं नुकसान होतं तेव्हा सगळ्यात जास्त मी चिडते. स्टाफरूममध्ये तावातावाने बोलले आहे. आणि त्याच मी पतसंस्थेतून ३५ हजार काढून पिशवीत घालून जळगावला नेले. लेकीला मी ‘सरांनी महत्त्वाचे प्रश्न दिलेत’ एवढंच सांगितलं. तिच्यापासून ते लपवलं, हे मला पैशांपेक्षा जास्त डाचतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री साडेअकराला, आम्ही पुण्याच्या लॉजवर असताना, मोबाईलवर पीडीएफ आली. लेक तीनपर्यंत उत्तरं पाठ करत बसली. सकाळी त्यातलं एक अक्षरही आलं नाही. येणार कसं? कॉम्प्युटरवरची ही परीक्षा महिन्यातून कितीतरी वेळा होते, प्रश्नसंच अनेक असतात. नंतर लेकीने शोधलं तर ती पीडीएफ म्हणजे इंटरनेटवर फुकट मिळणारा जुना सराव पेपर होता, वरचं पान तेवढं बदललेलं.

आणखी एक घाव बसला. क्लासमध्ये शिकवलं होतं, लिसनिंगची उत्तरं आधी कच्च्या कागदावर घ्यायची, शेवटी उतरवायला दहा मिनिटं मिळतात. ती दहा मिनिटं कागदावरच्या परीक्षेतली. कॉम्प्युटरवर शेवटी फक्त दोन मिनिटं, तपासून बघायला. क्लासनेच कॉम्प्युटरची परीक्षा बुक केली होती आणि क्लासनेच हे सांगितलं नव्हतं. कागदावर ऐकून टिपलेली उत्तरं लेकीच्या समोर होती, आणि स्क्रीन बंद झाली तेव्हा पंधरा-सोळा रकाने रिकामे होते. बाहेर आली ती बोललीच नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती.

लिसनिंग ५, रीडिंग ५.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६. एकूण ५.५. हा रिझल्ट क्लासच्या ई-मेलवर आठ दिवस पडून होता. आम्ही विचारलं की “अजून आला नाही.” आणि मग एक दिवस सरांनी तो दाखवला आणि त्याच बैठकीत तिसरी मागणी केली. दीड लाख द्या, परीक्षेला न बसता सात बँडचं सर्टिफिकेट देतो. “सिस्टीमला दिसतं, मॅडम. गुजरातमधली पोरं असेच जातात.”

मी घरी येऊन हिशेब मांडायला लागले. खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी अंगठ्या आणि पोत काढून बघितली होती. सुरतला उधन्यात माझा भाऊ असतो, त्याच्याकडे पैसे मागायला फोन केला म्हणून वाचलो. तो म्हणाला, “ताई, मेहसाण्याचं ऐकलं नाही का?” २०२२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातली पोरं कॅनडातून अमेरिकेत चोरून जाताना बुडत्या बोटीत पकडली गेली होती. हातात आयेल्ट्सचे साडेसहा-सात बँड, आणि अमेरिकेच्या कोर्टात न्यायाधीशाच्या साध्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देता येईना. तिथूनच त्या सर्टिफिकेटांची चौकशी सुरू झाली. लेकीने मग सांगितलं की प्रत्येक निकालपत्राला नंबर असतो आणि विद्यापीठ तो नंबर थेट परीक्षा घेणाऱ्यांच्या यंत्रणेत तपासू शकतं. खोटा कागद पकडला गेला तर प्रवेश जातो, व्हिसा जातो, आणि खोटी कागदपत्रं दिल्याचा डाग पोरीच्या नावावर राहतो. सरांच्या नाही.

त्याच रात्री मी लेकीला ३५ हजारांचं खरं सांगितलं. ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, तुला वाटलं ना, मला नाही जमणार?” यावर मी काय बोलणार होते? तिचे पप्पा ओट्यावरून म्हणाले, “पैसा ग्यात ते ग्यात, पोरनं मन नको मोडू.”

पैसे परत मागायला गेलो तर सर शांतपणे म्हणाले, “पेपर विकत घेतला म्हणून सांगणार का पोलिसांना? तुमची सरकारी नोकरी आहे ना?” तेव्हा मला या धंद्याची खरी चावी कळली. ३५ हजार त्यांना पैशासाठी हवे होतेच, पण त्याहून जास्त आम्हाला गप्प करण्यासाठी हवे होते. आमच्या बॅचच्या चारपाच पालकांना मी नंतर फोन केले. एक जण सोडून कुणी बोलायला तयार नव्हतं. प्रत्येकाला ‘फक्त चार पोरांत’ बसवलेलं होतं.

तीन महिने आम्हीही गप्प होतो. मग मी लेखी तक्रार दिली, पेपरच्या पैशांसकट, काही न लपवता. पोलीस ठाण्यात अपमान वाटेल असे प्रश्न आले, ते येणारच होते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. क्लासच्या फीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, वकील नसला तरी चालतं. कुठे जायचं कळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील, व्यवहार ताजा असेल, तर आधी १९३० ला फोन करा. आम्ही ते वेळेत केलं नाही. आमचे २० हजार ज्या खात्यात गेले ते तोवर रिकामं झालं होतं.

लेकीने पुढची तयारी घरीच केली. परीक्षा घेणाऱ्यांच्या वेबसाइटवर सरावाचे नमुने फुकट आहेत. ती रेकॉर्डिंग लावायची, एकदाच, आणि मी समोर बसून घड्याळ बघायचे. अडलं तरी मागे न्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात चाळीसपैकी अठरा. खरे अठरा. मार्च २०२५ मध्ये ती स्वतःच्या ई-मेलवरून बुकिंग करून एकटी पुण्याला गेली आणि साडेसहा घेऊन आली, लिसनिंगला सात.

ग्राहक आयोगातली पुढची तारीख अजून यायची आहे. तो क्लास जुन्या जागेवरून उठला, पण तसाच बोर्ड दुसऱ्या नावाने मी पारोळ्याच्या रस्त्यावर पाहिला. अक्षरंही तीच, ‘सात बँड गॅरंटी’. अमळनेर, चोपडा, पारोळा, एरंडोल भागात कुणाकडे ‘स्टडी मटेरियल’ लिहिलेली अशी पावती असेल, रात्री आलेली पीडीएफ असेल, तर लाजेपोटी ती फाडू नका, मोबाईलमधून उडवू नका. आमच्यासोबत तक्रार करायला आत्तापर्यंत एकच पालक तयार झालेत. तेही माझ्यासारखेच मास्तर आहेत, आणि त्यांनीही पेपरचे पैसे दिले होते.